ब्लू पुलमन : ८ बाय ४ च्या प्लायवर सहा डबे की आठ?

घोडबंदर_रूळ (ठाणे)
ओओ गेजमध्ये (१:७६ प्रमाणातली मॉडेल रेल्वे) ब्रिटिश रेल्वेची ब्लू पुलमन ही आलिशान डिझेल गाडी फिरवायची आहे. जागा म्हणजे ८ बाय ४ फुटांचा एक प्लाय. सहा डबे घ्यावेत की आठ? रंग कुठल्या काळातला? ५७२ मिमी त्रिज्येची वळणं चालतील का? आणि इतकी आलिशान गाडी हादऱ्यांसाठी बदनाम का होती?

डिझेल_नेरूळ
आधी साल ठरवा. मेट्रोपॉलिटन-कॅमेलने एकूण पाचच रेक बांधले. दोन सहा डब्यांचे, फक्त फर्स्ट क्लास, १३२ आसनं. १९६० च्या जुलैपासून मँचेस्टर सेंट्रल ते लंडन सेंट पँक्रस. तीन आठ डब्यांचे, दोन्ही वर्ग, २२८ आसनं. ते वेस्टर्न रीजनकडे (ब्रिटिश रेल्वेचा पश्चिम विभाग) गेले. १९६६ मध्ये मँचेस्टर ते लंडन युस्टन मार्गावर विजेच्या गाड्या आल्यावर तिथले दोन्ही रेकही वेस्टर्नला आले आणि १९७३ मध्ये सगळेच बंद झाले. एकही जपला नाही, ही फार मोठी हानी आहे.

सुरुवातीचा रंग नानकिंग निळा, खिडक्यांभोवती पांढरा पट्टा, नाकावर पुलमनचं मानचिन्ह. पुढे नाक पूर्ण पिवळं झालं आणि शेवटी रंगच उलटले : अंग करडं, खिडक्यांचा पट्टा निळा. म्हणजे सहा डबे आणि करडा रंग ही जोडी मँचेस्टर मार्गावर शोभणार नाही. खिडक्यांकडेही लक्ष द्या : दुहेरी काचा आणि त्यांच्या मधोमध व्हेनिशियन ब्लाइंड. पातळ ॲसिटेटवर (पारदर्शक प्लॅस्टिक) फिक्या करड्या आडव्या रेघा ओढून ते आतून चिकटवा. काही पूर्ण खाली, काही अर्धे ठेवा, तरच डबा खरा वाटतो.

हादऱ्यांचं मूळ बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यात. स्विस श्लीरेन पद्धतीची बोगी ब्रिटिश रुळांवर ताशी ९० मैलांच्या आसपास नीट बसली नाही. दुरुस्त्या झाल्या, पण खोड पुरती गेली नाही.

वाशी_लेआउट
५७२ नको. व्यासच ११४४ मिमी होतो आणि प्लायची रुंदी १२२०. रुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत उरतात ३८ मिमी. डब्याची अर्धी रुंदी आणि वळणावर बाहेर येणारं टोक धरलं तर २५ मिमी तिथेच जातात. गाडी घसरली तर थेट फरशीवर. ५०५ मिमी त्रिज्या घ्या, कडेला १०५ मिमी मिळतात.

खरा डबा साधारण २० मीटरचा, म्हणजे ओओमध्ये २६५ मिमीच्या आतबाहेर. सहा डबे १.६ मीटर, आठ डबे २.१ मीटर. ५०५ च्या फेरीची लांबी ५.६ मीटर. आठ डब्यांनी एक तृतीयांशाहून जास्त फेरी व्यापेल आणि गाडी स्वतःच्याच शेपटीमागे धावल्यासारखी दिसेल. सहाच घ्या.

सरळ बाजू मात्र १.२ मीटरचीच, त्यामुळे सहा डब्यांचा फलाट बसणार नाही. स्टेशनाचा नाद सोडा आणि इंग्लंडमधल्या मॉन्सल डेल दरीचा पूल करा. मिडलँड पुलमन, म्हणजे मँचेस्टरची सहा डब्यांची गाडी, तिथूनच जायची. पाच कमानी, प्रत्येकी ५० फूट म्हणजे २०० मिमी. खांब धरून तेवढ्यात मावतात. एका टोकाला हेडस्टोन बोगदा आहेच, तिकडचं वळण डोंगराखाली लपवा.

घोडबंदर_रूळ
सहा डबे, निळा रंग, पूल. ठरलं! पावसाळ्यात इथे प्लाय फुगतो, त्याचं काय करावं?

वाशी_लेआउट
१२ मिमीचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घ्या, खाली दर ४०० मिमीवर आडवी पट्टी. कापून झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि मुख्य म्हणजे कडांना सीलर लावा, पाणी तिथूनच शिरतं. रूळ दमट दिवसात ठोकलेत तर सांध्यांत अर्धा मिमी फट ठेवा, पुढे प्लाय आकसतो.

डिझेल_नेरूळ
विजेसाठी सांध्याच्या जॉइनरवर (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी) विसंबू नका. दमट हवेत तो आतून काळवंडतो आणि गाडी तिथेच अडखळते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करा. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. सँडपेपर अजिबात नको, चरे पडले की मळ त्यांतच बसतो. एवढं करूनही पॉइंटवर (रूळ फुटतो त्या जागी) एखादा डबा उतरत असेल तर चाकांमधलं आतलं अंतर मोजा, ते १४.५ मिमी हवं.