म्हाताऱ्या पेशंटशी सिस्टर्सचं वागणं कसं सुधारावं?

प्रश्न : वॉर्ड इन्चार्ज, नागपूर
मेडिसिन वॉर्डात निम्म्याहून जास्त पेशंट पासष्टीपुढचे. नव्या सिस्टर्स मनाने चांगल्या आहेत, पण हँडओव्हरला (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देताना) "सात नंबर आजी, कटकट करते" एवढंच सांगतात. आजी गप्प पडून असली की "शांत आहे". सरसकट सगळ्यांना डायपर. म्हाताऱ्यांबद्दलचा दृष्टिकोन तपासणारी कोगनची प्रश्नावली (१९६१ ची, ३४ विधानं) भरून घेतली तर उपयोग होईल का?

उत्तर १
प्रश्नावलीत मत कळतं, हात कसा चालतो ते नाही. हँडओव्हर बदला. प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटमागे एक वाक्य सक्तीचं: घरी काय काय स्वतः करत होत्या? मागच्या आठवड्यात बर्डीवर एकटी भाजीला जाणारी बाई आज दिवस-रात्र ओळखत नसेल, तर ते "वय झालं" नव्हे, डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मेंदूचा गोंधळ, असू शकतो. गप्प पडून राहणाऱ्यांचा तर हमखास नजरेतून सुटतो. लघवी तुंबली आहे का, पोट कधी साफ झालं, ताप, रक्तातलं सोडियम, नवी झोपेची गोळी, आधी हे बघा. डेलिरियम ओळखायच्या ४एटी या छोट्या चाचणीला दोनेक मिनिटं लागतात. ४ किंवा जास्त गुण आले की लगेच डॉक्टरांना कळवा. त्यात जन्मतारीख विचारतात. खेड्यातल्या कितीतरी आज्यांना ती कधीच माहीत नव्हती, म्हणून "एरवी सांगता येते का?" हे घरच्यांना विचारा.

उत्तर २
बोलण्याबद्दल. मे महिन्यात कूलर चालू असताना पायथ्याशी उभं राहून ओरडलं, तर आजोबांना फक्त ओरडणं कळतं. वयानुसार आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे आवाज चढवून काही होत नाही. मिनिटभर कूलर बंद करा, चेहऱ्यावर उजेड पडेल असे समोर बसा, खालच्या पट्टीत बोला. चष्मा आणि कवळी उशाशीच हवी, कपाटातल्या पिशवीत नको.

आणि "चला बाळा, आं करा" बंद. आपल्याकडे आजीला "तू" म्हणणं मायेचंच असतं, पण निवृत्त मास्तरीणबाईंना ते लागतं. काय म्हणून हाक मारायची ते विचारा नि केसपेपरवर लिहा.

उत्तर ३
दोघांचं पटतं, पण रात्री दोनच सिस्टर्स असल्या की डायपर येणारच. निदान चालता येणाऱ्यांना तरी लावू नका. जेवणानंतर आणि झोपण्याआधी स्वतःहून "जायचं का?" विचारा. उठवताना आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसवा, नाहीतर बीपी उतरून पडतात.

रेक्झिनवर घाम साचतो, कातडी भिजून मऊ पडते आणि माकडहाडावर जखम होते. दर २ तासांनी कूस बदला, पण पूर्ण कुशीवर नको, ३० अंशच. उशी टाचेखाली नाही, पोटरीखाली, म्हणजे टाच अधांतरी राहते. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर जखम सुरू झालीच आहे. त्यावर मालिश अजिबात करू नये.

प्रश्नकर्ती
हाकेचं नाव आणि "घरी काय करत होत्या" हे दोन रकाने उद्यापासून हँडओव्हर वहीत. ४एटीचा कागद मराठीत करून ट्रॉलीला लावते.