शाळेतल्या सिस्टरचं ऐकतं कोण? अनुभव लिहा

गवतीचहा
काल डेक्कनला बसची वाट बघत होते, शेजारून आवाज आला, "सिस्टर, ओळखलंत का?" आमच्या शाळेतली, टाइप वन डायबेटिसवाली. आता कॉलेजात आहे, छान उंच झालीये. घरी आल्यापासून तो स्पोर्ट्स डे डोक्यातून जात नाहीये.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. बरीच वर्षं शाळेची सिक रूम सांभाळली. त्या दिवशी ही पोरगी उन्हात रांगेत उभी, हात थरथरतायत, वरच्या ओठावर घाम. खिशातलं बिस्कीट काढलं तर पीटी सरांनी काढून घेतलं, "मार्चपास्ट झाल्यावर खा, रोजची नाटकं." मैत्रीण पळत आली म्हणून मला कळलं. शुगर ५८. ७० च्या खाली गेली की वाट बघायची नसते, लगेच ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. ती १५ मिनिटं व्हायच्या आत सुपरवायझर मॅडमचा निरोप, पाहुणे आलेत, तिला रांगेत पाठवा. मी पाठवली नाही. त्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा घेतला! डॉक्टरांचं पत्र तिच्या फाइलला पहिल्यापासून लावलेलं होतं, कुणी उघडून बघितलं नव्हतं.

गणित कसं शिकवायचं हे मी कुणाला सांगायला गेले नाही. मग मूल आजारी आहे की नाटक करतंय, हे माझ्या डोक्यावरून का ठरवायचं? लिहा तुमचेही.

अबोली
घोळणा फुटला की आमच्याकडे तिघी धावतात. एक मान मागे करते, एक टाळूवर पाणी थापते, एक कांदा आणायला कॅन्टीनला. रक्त घशात उतरतं, मूल उलटी करतं, उलटीत रक्त दिसलं की सगळ्यांची घाबरगुंडी. अहो, पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग १० मिनिटं दाबून धरा, मधे सोडून बघू नका. सगळ्या स्टाफला करून दाखवलंय. परवा परत कांदा आला.

पाऊसवेडी
कांद्यावर निभावलं तुमचं. आमच्याकडे फिट आली की चप्पल हुंगवतात आणि दातात चमचा. चमच्याने एका मुलाचा दात हलला. मी ओरडत होते, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन. क्लासटीचर मलाच म्हणाल्या, "सिस्टर, आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत."

कात्रजकर_आई
मी पालक आहे, लिहिलं तर चालेल ना? मुलाला दमा. धाप लागली की ओढायचा निळा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची नळी, दप्तरात दिला होता. वर्गात सापडला म्हणून ऑफिसच्या कपाटात ठेवला, किल्ली मॅडमकडे, मॅडम मीटिंगला. सिस्टर अक्षरशः मीटिंगमध्ये घुसल्या किल्ली मागायला. नंतर मला ऐकवलं की पंपाची सवय लागते, सारखा देऊ नका. माझ्या मुलाच्या छातीतला आवाज मला खोलीच्या दारातून ऐकू येत होता आणि मी सवयीवर लेक्चर ऐकत होते. त्या सिस्टरांचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

अबोली
@कात्रजकर_आई, वाचून काटा आला. आता कसा आहे?

कात्रजकर_आई
बराच बरा. थंडीत आणि दिवाळीच्या धुरात जपावं लागतं. शाळा बदलली. इथे पंप त्याच्याच खिशात असतो.

झेडपीची_बाई
सगळ्या सिस्टरांना नमस्कार. मी हवेली तालुक्यातल्या शाळेत शिक्षिका. तुमचा राग पटतो, पण आमच्याकडे सिस्टरच नाही हो. आरोग्य तपासणीची गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्यवाली, चांगलं काम करतात, पण ती ठरलेल्या दिवशी. जंताची गोळीसुद्धा आम्हीच चावून खायला लावतो, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. पोरगं पडलं, भाजलं, ताप आला, सगळं मीच बघायचं. भाजल्यावर टूथपेस्ट नाही, वाहतं गार पाणी २० मिनिटं, हे मला आरोग्य केंद्रातल्या एका एएनएम (नर्स) ताईंनी शिकवलं. असं कुणी शिकवलं तर आम्ही ऐकतो.

गवतीचहा
बाई, तुमच्यासारख्यांबद्दल तक्रार नाहीच. तुम्ही विचारून करता.

निगडी_नाका
घाईत लिहितेय, भाजी टाकलीये. पाळीच्या दिवसांत मुलगी झोपायला आली की बाई मागोमाग येतात, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." एकीच्या पोटात दुखत होतं ते पाळीचं नव्हतंच, उजवीकडे खाली हात लावू देत नव्हती. मी घरी फोन लावला तर ऑफिस म्हणे, परवानगी कुणाची घेतली? अपेंडिक्स निघालं. सॉरी तर सोडाच.

सिंहगडरोड
जानेवारी २०२५ आठवतोय ना? पुण्यात नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी, जीबीएसची, हातपाय लुळे पडण्याच्या त्या आजाराची, नुसती भीती. सातवीतला मुलगा आला, पायांना मुंग्या, जिना चढताना कठडा धरतोय, आठवड्यापूर्वी जुलाब झालेले. मी म्हटलं आत्ताच पालकांना बोलवा, हॉस्पिटलला न्यायला सांगा. मॅनेजमेंटचं उत्तर, पालकांच्या ग्रुपवर एकदा गेलं की उद्या शाळा रिकामी, सुटेपर्यंत बसवून ठेवा. मी माझ्या फोनवरून वडिलांना बोलवलं. सुदैवाने तसं काही निघालं नाही. निघालं असतं तर ते तीन तास कुणी परत दिले असते? नाव शाळेचं जाईल म्हणून मूल थांबवायचं, हे माझ्या गळी कधीच उतरणार नाही.

पाऊसवेडी
बरोबर केलंत ताई. अगदी बरोबर.

कोथरूडकर
विषय थोडा वेगळा, पण कर्वे रोडला शाळा सुटताना ॲम्ब्युलन्स कशी आत येणार, हे कुणी बघतं का? दोन्ही बाजूंना व्हॅन आणि गाड्या.

अबोली
आमच्या गल्लीत व्हॅनवाले काका स्वतः रस्ता मोकळा करतात. देवमाणूस.

गवतीचहा
सगळं वाचतेय. एक सांगते, नंतरच्या शाळेत मला ज्याचा उपयोग झाला. ज्या मुलाला काही त्रास आहे त्याचं एक पानी पत्रक, डॉक्टर, पालक आणि मुख्याध्यापक तिघांच्या सह्या. लक्षणं काय, आधी काय करायचं, कुणाला फोन. एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक पीटी सरांकडे. सही असली की वाद घालायला जागा राहत नाही. आणि टाइप वनच्या पालकांनो, राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिलंय, या मुलांना वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या. सीबीएसई २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेतही खाऊ नेऊ देते. प्रिंट काढून शाळेत द्या.

निगडी_नाका
त्या पत्रकाचा नमुना टाकाल का? आमच्याकडे जूनमध्ये नवीन ॲडमिशन आहेत, तेव्हाच भरून घेईन.

झेडपीची_बाई
मलाही हवाय. सोप्या मराठीत असेल तर बरं, आमचे पालक तेच वाचतात.

गवतीचहा
मराठीतच आहे. रात्री जेवणं आवरली की टाइप करून टाकते.