मिनिमल डेबियनवर हलका डेस्कटॉप, पण स्टार्टएक्स लगेच बंद पडतंय

प्रश्न:
जुना लॅपटॉप आहे, 2 जीबी रॅम. डेबियन लिनक्स टाकताना डेस्कटॉपची टिक काढून टाकली, नंतर झॉर्ग (स्क्रीनवर ग्राफिक्स दाखवणारा एक्स सर्व्हर) आणि ओपनबॉक्स (हलका विंडो मॅनेजर) टाकलं, पण स्टार्टएक्स (एक्स चालू करायची कमांड) मारलं की स्क्रीन एकदा लुकलुकते आणि परत काळं टर्मिनल. एक्सइनिटआरसीमध्ये (स्टार्टएक्सनं काय काय चालू करायचं ती फाइल) दोनच ओळी आहेत, टिंट2 (पॅनल) आणि ओपनबॉक्स-सेशन, दोन्हीपुढे & लावलंय. काय चुकतंय?

उत्तर 1:
तो दुसरा & काढ. ती फाइल संपली की एक्सपण बंद होतं, तू त्या चिन्हानं दोन्ही बॅकग्राउंडला ढकललेस त्यामुळे फाइल लगेच संपते. टिंट2 ला & राहू दे, शेवटच्या ओळीत मात्र एक्झेक लिहून पुढे ओपनबॉक्स-सेशन.

उत्तर 2:
+1. आणि चालू झाल्यावर नुसता रिकामा पडदा दिसला तर घाबरू नकोस, राइट क्लिक केलं की मेनू येतो. मी पहिल्यांदा हँग झालं समजून सरळ पॉवर बटण दाबलं होतं 😅

उत्तर 3:
खरं सांगू का, एवढी उठाठेव नको असेल तर एलएक्सक्यूटी (तयार हलका डेस्कटॉप) टाक, पॅनल फाइल मॅनेजर सगळं एकत्र येतं. फक्त रेकमेंडेड पॅकेजेस बंद करून टाकलंस तर फॉन्ट वगैरे राहून जातात, मग मराठी साइट उघडली की नुसते चौकोन. फॉन्ट्स-देवा (देवनागरी फॉन्टचं पॅकेज) टाकलं की झालं.

प्रश्नकर्ता:
& च होता! चाललं, धन्यवाद. आता आवाज येत नाहीये 😐

उत्तर 1:
अल्सामिक्सर (टर्मिनलमधला आवाजाचा मिक्सर) उघड, मास्टरखाली एमएम दिसत असेल तर म्यूट आहे, एम दाब.