विषय: पॅन फुटलं, आता ऑइल कशात काढू? (तातडीचं)

प्रशांत (सध्या गावी, दर्यापूर तालुका):
मंडळी, गाडीचं जुनं ऑइल काढायला कोणतं पॅन (पसरट भांडं) घ्यावं यावरून दिवाळीच्या आधी इथे आठवडाभर धुमाकूळ झाला, ते अमेरिकेतून आणलेलं पॅन फुटलं. बॅगेत मधोमध ठेवलं होतं, वर वंदनाताईंनी बहिणीसाठी दिलेलं मिक्सरचं भांडं, नागपूरला उतरून पाहतो तर तळाला बोटभर चीर. बाबांच्या मारुती एट-हंड्रेडचं ऑइल दीड वर्षापासून बदललेलं नाही आणि परवा त्याच गाडीनं अमरावतीला लग्नाला जायचंय. दर्यापूरला दोन दुकानं पालथी घातली, ऑइल पॅन म्हटलं की दुकानदार म्हणतो "चेंबर फुटलं का भाऊ?", म्हणजे इंजिनच्या तळाचं, ज्यात ऑइल साठतं ते चेंबरच काढून दाखवतो. घरात एक घमेलं आहे, पंधरा किलोचा तेलाचा रिकामा पिपा आहे आणि आईची परात आहे (आईला विचारलेलं नाही). गाडीखाली वीतभरही जागा नाही. उद्या सकाळी करायचंय, लवकर सांगा. बाबांचं म्हणणं, "घमेलं घे न बापा, ऑइल काहाडाले अमेरिकेतून भांडं आनते का कोनी."

विलासकाका:
मी तेव्हाच लिहिलं होतं की झाकणाचा बंद डबा घे, उघडं पातळ प्लास्टिकचं पॅन प्रवासात टिकत नाही. वाचतो कोण. असो. घमेल्यात जाऊ नकोस. एट-हंड्रेडचं ऑइल जेमतेम तीन लिटर, घमेल्यात मावेल, पण ते भरलेलं घमेलं गाडीखालून ओढून बाहेर काढताना काय होतं ते करून बघ. गोल भांडं, उथळ, ओतायला चोच नाही. दुसरं म्हणजे चेंबरचा बोल्ट काढला की ऑइल सरळ खाली पडत नाही, आधी तिरपी धार पुढे उडते आणि जोर कमी झाला की मागे सरकत येते, म्हणून भांडं लांबट पाहिजे. माझं इथलं पंधरा क्वार्टचं आहे, म्हणजे चौदा लिटर, बारा वर्षं झाली, काही झालेलं नाही.

बंडूभौ (वणीला आलो आहे, २ तारखेपर्यंत):
काका, तुमचं चौदा लिटरचं त्याच्या एट-हंड्रेडखाली जाते का पण? माझं तसंच होतं, अर्धं गेलं अन अडकलं, ना पुढे ना मागे.
प्रशांत, पिप्याच्या भानगडीत पडू नको. आडवा ठेवला तरी चांगला वीतभर उंच होतो, तो चार बोटांवर कापावा लागते आणि पत्र्याच्या कडेनं हात फाटते, माझ्या अंगठ्यावर खूण आहे. इंजिन ऑइलचा पाच लिटरचा रिकामा कॅन कोणत्याही मेकॅनिककडे फुकट भेटते. तो आडवा पाड, वरच्या बाजूला हात जाईल एवढी खिडकी काप, चारी बाजूनं दोन बोटं काठ सोड. बूच घट्ट लावून ठेव, बूच ज्या अंगाला आहे ते अंग वर पाहिजे. झालं तुझं पॅन. ओतायच्या वेळी बूच उघडलं की तीच चोच. आमच्या इकडे सगळे मिस्त्री हेच वापरतात, कोणी इथं पॅन-बिन विकत घेत नाही.

वंदनाताई:
परातीचा विषय निघालाच आहे तर विचारते. अमेरिकेतल्या आपल्या मंडळाची मोठी अॅल्युमिनियमची परात, काठावर लाल रंगानं म. म. लिहिलेली, गणपतीपासून भांड्यांच्या यादीत नाही. पोह्यांना आम्ही दोन छोट्या वापरल्या. मला कोणीतरी सांगितलं की ती एका गॅरेजमध्ये दिसली. नाव लिहीत नाही. प्रशांत, मिक्सरचं भांडं शाबूत आहे ना?

विलासकाका:
वंदनाताई, त्या परातीत फक्त नटबोल्ट धुतले, तेही रॉकेलनं. ऑइल काढलं नाही. साबणानं घासून ठेवली आहे.

वंदनाताई:
रॉकेलनं!!

अनघा:
परातीचं नंतर भांडा. काढलेल्या ऑइलचं काय करणार ते कोणी बोलतच नाही. इथे अमेरिकेत आपण पार्ट्सच्या दुकानात नेऊन देतो, ते फुकट घेतात, तिथे काय? एका वेळचं निघालेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं असं ई.पी.ए. (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) सांगते. भारतातही २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. बांधावर ओतू नकोस प्लीज.

बंडूभौ:
गोडं पाणी कुठं आहे वो ताई दर्यापूरले, खारपाणपट्टा तो, विहिरीचं पाणी आधीच ढोरं तोंडाले लावत नाहीत 😀 बाकी ओतते कोण? जुनं ऑइल गावात उरतच नाही. गोठ्याच्या लाकडाले उधळी (वाळवी) लागू नये म्हणून फासतात, सेंट्रिंगवाला प्लेटांले लावाले मागून नेते, आधी बंड्यांच्या (बैलगाड्यांच्या) आकाले घालायचे.

अनघा:
विहीर खारी आहे म्हणूनच शेततळ्यात साचतं तेवढंच गोडं पाणी, आणि गोठ्याच्या लाकडाला फासलेलं पावसात धुऊन तिथेच जातं. आणि बैल ती लाकडं चाटतात. त्या ऑइलमध्ये इंजिनाची झीज असते, धातू असतात. सेंट्रिंगवाल्याचंही मला पटत नाही, पण वाद नको. झाकणाच्या कॅनमध्ये भर आणि जुनं ऑइल जमा करून पुढे देणाऱ्या गॅरेजला दे, अमरावतीला जातोच आहेस.

अरविंददादा:
सगळे भांड्यात अडकले, जॅक कशावर लावणार ते विचारलं का कोणी? मागच्या डिसेंबरला मी आमच्या वाडग्यात (घराच्या आवारात) लावला होता. सोयाबीन निघालेलं, वरून माती दगडासारखी टणक. गाडी चढली, मी चहा प्यायला आत गेलो, म्हणून वाचलो. येऊन पाहतो तर जॅकचा तळ काळ्या मातीत निम्मा गेलेला, गाडी तिरपी, आणि खाली ठेवलेलं घमेलं चेंबरखाली दबून पोळीसारखं. आदल्या रात्री आईनं तिथेच भांडी घासायचं पाणी फेकलं होतं. काळ्या मातीवर नुसता जॅक नाही म्हणजे नाही. ओट्यावर, नाहीतर खाली जाड फळी, आणि जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, टेकू पाहिजेत. एट-हंड्रेडला तर पुढची दोन चाकं विटांवर... नको, विटा फुटतात. लाकडाचे ठोकळे.
आणि घमेल्याबद्दल काकांचं बरोबर आहे, पण कारण वेगळं. आमचं आधीचं घमेलं मी ऑइलला वापरलं, नुसतं पुसून ठेवलं, बाबांनी त्यातच सिमेंट कालवलं. न्हाणीचं प्लास्टर तेवढ्याच जागी धरलं नाही, मिस्त्रीनं गावभर सांगितलं.

विलासकाका:
अरविंद, विटांचं लिहून परत नको म्हणतोस, मुलं अर्धं वाचतात. प्रशांत, विटा नाही.

प्रशांत:
झालं. गाडी ओट्याच्या उतारावर घेतली, पुढची चाकं सागाच्या ठोकळ्यांवर, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, पहिला गिअर. जॅक लागलाच नाही. कॅन चौकातल्या मेकॅनिकनं दिला, वर विचारलं, "तुमच्याकडे अमेरिकेत कॅन नसतात का?" इंजिन पाचच मिनिटं चालू ठेवलं, सकाळची थंडी होती, नाहीतर मधासारखं उतरलं असतं. धार काका म्हणाले तशीच पुढे उडाली, पहिली ओंजळभर ओट्यावर गेली, मग कॅन सरकवला. बोल्ट हातातून निसटून त्याच खिडकीतून आत पडला. काळ्या ऑइलात कोपरापर्यंत हात, कोमट होतं म्हणून ठीक. फुटलेल्या पॅनवर एक जाळी होती, ती आधीच कॅनच्या खिडकीवर ठेवायची सुचलं असतं तर हे झालं नसतं. आता ठेवली आहे, दुपारी ट्रॅक्टरचं काढणार. तिथे उंची भरपूर आहे पण वाऱ्यानं धार उडते आणि ऑइलही दुपटीहून जास्त, तेव्हा वीस लिटरचा कॅन शोधतोय.
निघालेलं मोजलं, सव्वादोन लिटर. म्हणजे कमीच होतं, कुठेतरी पीत आहे गाडी. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "सतरा वर्षं झाली तिले, पिऊ दे थोडं."
ऑइल दुसऱ्या, बूच लावलेल्या कॅनमध्ये आहे अनघा, उद्या अमरावतीला नेतो. ओट्यावर राख टाकली आहे, आई बोलत नाही.

बंडूभौ:
बोल्टचा वॉशर नवा टाकला का?

प्रशांत:
जुनाच उलटा करून लावला. बघतो गळतो का.

वंदनाताई:
मिक्सरच्या भांड्याचं उत्तर आलेलं नाही. आणि विलासराव, ती परात संक्रांतीच्या आधी परत आणू नका, नवीन आणून द्या. तिळगुळाला लागते.