मैत्रिणीने फक्त आपल्यालाच सांगितलेलं असतं तेव्हा… (अनुभव लिहा)

जळगावात आमचं छोटंसं वाचनालय आहे. अकरावी-बारावीच्या मुली सध्या एकाच तऱ्हेच्या कादंबऱ्या मागतात, डार्क थ्रिलर. म्हणजे तीन-चार जिवलग मैत्रिणी, एका रात्री काहीतरी भयंकर होतं, कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घेतली जाते आणि मग पुढचं सगळं पुस्तकभर ती शपथ एकेकीला आतून पोखरत जाते. आयांच्या तक्रारी येतात, असलं कशाला देता वाचायला, डोक्यावर परिणाम होतो. मला उलट वाटतं. या पोरींना त्यात काहीतरी ओळखीचं दिसतं म्हणून त्या वाचतात. त्या वयात काही वाईट घडलं तर आईबापांना सगळ्यात शेवटी कळतं आणि मैत्रिणीला सगळ्यात आधी, आणि जिला कळतं तीपण पंधरा-सोळा वर्षांचीच असते. तिने त्या गोष्टीचं करायचं काय, हे कुणीच शिकवत नाही.

म्हणून हा धागा. तुम्ही सांगणारे असा नाहीतर ऐकणारे, लिहा. नावं, गाव, शाळा, ओळख पटेल असं काही नको. जे झालं त्याचं वर्णनही नको, नंतरचं लिहा. आणि "तेव्हाच का नाही बोललात" हा प्रश्न इथे कुणी कुणाला विचारायचा नाही, तसे प्रतिसाद मी काढून टाकणार.

पांझराकाठची

मी धुळ्याकडची. दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीतली गोष्ट. आमच्याच गल्लीतली माझी मैत्रीण, पहिलीपासून एका बाकावरची, हिवाळ्यापासून बदलली होती. मे महिन्याचं आमच्याकडचं ऊन माहितीय ना, त्यातही ही पूर्ण बाह्यांचा ड्रेस आणि वरून ओढणी घट्ट गुंडाळलेली. एका ठरावीक घरावरून जायचं म्हटलं की लांबच्या रस्त्याने जायची, मागून कुणी हाक मारली तरी अंगावर पाल पडल्यासारखी दचकायची. मला वाटायचं परीक्षेचं टेन्शन.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्याकडे मोठा सण असतो, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस. त्या दिवशी सगळ्या बाया गौराईची गाणी म्हणत होत्या आणि आम्ही दोघी एका झोक्यावर, मी उभी, ती बसलेली. त्या गाण्यांच्या आवाजात तिने सांगितलं. तिच्या मामाचा मित्र, घरात येणंजाणं असलेला, सगळ्यांचा लाडका. खाली मान घालून, दोन-तीन वाक्यांत. आणि लगेच, "कोनले सांगू नको, तुले मनी आन शे." (कुणाला सांगू नको, तुला माझी शपथ आहे.)

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. पण त्या रात्री माझ्या घशाखाली मांडा उतरेना. तो माणूस तिसऱ्या दिवशी परत त्यांच्या घरी चहा प्यायला आलेला मी पाहिला, ओट्यावर बसून तिच्या लहान बहिणीला मांडीवर घेऊन गप्पा मारत होता. ती बहीण तेव्हा सात-आठ वर्षांची. मी सरळ माझ्या मोठ्या आईकडे गेले (आम्ही काकूला मोठी आई म्हणतो) आणि सगळं सांगून टाकलं.

मोठी आई फार शिकलेली नाही. ती ओरडली नाही, मला एकच विचारलं, "पोरगी आत्ता कुठे आहे?" मग डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या घरी गेली आणि मैत्रिणीच्या आईला घेऊन आतल्या खोलीत बसली. आधी घरच्यांचं म्हणणं हेच, की गावात नाक जाईल, पोरीचं लग्न कसं होईल. दोन आठवडे नुसती हो-नाही. शेवटी तिची मावशी उभी राहिली आणि तक्रार झाली. मला वाटत होतं आता पोलिसांची गाडी दारात येणार, सगळा गाव जमणार, पण एक बाई साध्या साडीत आल्या, घरातच बसल्या, मावशी शेजारी होती आणि त्यांनी सावकाश जबाब घेतला. शेजाऱ्यांना वाटलं पाहुणी आहे.

मैत्रीण मात्र माझ्याशी बोलायची बंद झाली. अख्खी अकरावी. आण मोडली म्हणून. वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसायची, मला तिचा पेन पडल्याचा आवाजही कळायचा पण मागे वळायची हिंमत नव्हती. ते वर्ष मी कसं काढलं मलाच माहीत. तरीही आज परत तीच वेळ आली तर मी परत तेच करेन, त्याच रात्री, तीन दिवससुद्धा थांबणार नाही.

केळीवाला

इथे सगळ्या ताया लिहिताहेत पण पोरांचंही असतं म्हणून लिहितो. मी रावेर भागातला, घरी केळीची बाग. बारावीनंतर आम्ही तिघं नदीवर पोहायला गेलो होतो. पाणी उन्हाळ्यात कमरेएवढंच असतं पण वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे झालेत, वरून दिसत नाहीत, पाय टाकला की खाली तळच नाही. आमच्यातला एक गेला. बाहेर आम्ही दोघं आलो.

नंतर मला झोप लागायची बंद झाली. डोळा लागला की पाण्याखालचा तो हिरवट उजेड दिसायचा. मोटारीचं पाणी पाटात पडायचा आवाज आला तरी हातपाय गार पडायचे आणि आमचं तर कामच पाण्याचं, केळीला पाणी द्यायचं तर रात्रीच्या लाईटीवर जावं लागतं. बाप म्हणायचा मर्द गडी आहेस, विसर आता. आई मीठमोहऱ्या उतरवायची.

उरलेला दोस्त काय करायचा सांगतो. रोज रात्री जेवण करून आमच्या धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) यायचा, माझ्या शेजारी गोधडी टाकायचा. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. विचारायचा काहीच नाही. मॅच, केळीचा भाव, कुणाची बैलजोडी विकली, असलं बोलत राहायचा. मध्यरात्री मी उठून बसलो की अंधारातून आवाज यायचा, "जागा आहे का भो?" बस, तेवढंच. त्यालाही तेच दिसत असणार ना, तोही त्याच पाण्यात होता. हे मला फार उशिरा सुचलं, तो माझ्यासाठी येत होता तसा स्वतःसाठीपण येत होता.

पावसाळा लागला आणि धाब्यावर झोपणं बंद झालं तेव्हा माझं परत बिघडलं. मग त्यानेच माझ्या मोठ्या भावाला सगळं सांगितलं, की हा रात्र रात्र झोपत नाही, नको ते बोलतो. भाऊ मला जळगावला डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या होत्या, पण जास्त करून बोलणंच होतं. डॉक्टरांनी त्या दिवसाचं सकाळपासून सगळं क्रमाने सांगायला लावलं, दर वेळी थोडं थोडं पुढे. मी पहिल्यांदा नदीपर्यंत पोहोचलोच नाही, चपला काढल्या तिथेच थांबलो. हळूहळू जमलं. आज बागेला रात्रीचं पाणी मीच देतो. नदीत मात्र उतरत नाही आणि उतरायचं कारणही नाही.

गेलेल्या दोस्ताच्या आईकडे आम्ही दोघं दर कानबाईला (आमच्याकडचा श्रावणातला सण) जातो. ती आम्हाला रोट खाल्ल्याशिवाय सोडत नाही.

जुनी जळगावकर

१९९४ साली जळगावचं मुलींच्या लैंगिक शोषणाचं ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी कॉलेजात होते. फोटो काढून मुलींना धमकावलं जात होतं हे पेपरात आलं आणि सगळ्या जिल्ह्याच्या मुलींवर घरांची दारं बंद झाली. ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही त्यांचीसुद्धा. आमच्या वर्गातल्या कितीतरी जणींची कॉलेजं सुटली, घाईघाईने लग्नं उरकली गेली. पुण्या-मुंबईला पाहुण्यांकडे गेलं आणि जळगावचे म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर थांबायचा, ते थांबणं मी अजून विसरले नाही. खटले वर्षानुवर्षं चालले, कोर्टात उभं राहणं कितीतरी मुलींना जमलं नाही आणि का जमलं नाही हे समजायला वकील लागत नाही.

माझी एक मैत्रीण तेव्हा अचानक यायची बंद झाली. तिचं काय झालं, काही झालं होतं का, की नुसतंच घरच्यांनी बसवलं, हे मला आजही माहीत नाही. मी घरी गेले तर तिच्या भावाने दारातूनच परत पाठवलं. आम्ही लपून पुस्तकं वाचायच्या वयाच्या होतो आणि आमच्या भोवती जे चाललं होतं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा भयानक होतं. म्हणून आजच्या मुली हे वाचतात, आपसात बोलतात, याचं मला बरं वाटतं. आम्हाला तर त्या गोष्टीला शब्दच नव्हते, मोठी माणसं "ते प्रकरण" म्हणायची आणि आवाज खाली आणायची.

शाळेतली ताई

मी समुपदेशक म्हणून काम करते, अनुभव माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आहेत त्यामुळे ते लिहिणार नाही. पण वरचं वाचून काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

पांझराकाठची यांनी ज्या साध्या साडीतल्या बाई लिहिल्या तो योगायोग नाही, पॉक्सो कायद्यातच (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) तसं आहे. २०१२ चा कायदा, १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी, मुलगेसुद्धा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही, सोबत आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, फोटो, शाळा, काहीही छापता येत नाही. दवाखाना सरकारी असो की खासगी, पीडित मुलावर उपचार मोफत करावे लागतात. मोठ्या माणसाला कळलं आणि त्याने कळवलं नाही तर त्याच्यावर गुन्हा होतो, पण कळवलं नाही म्हणून लहान मुलाला शिक्षा नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण "मला माहीत होतं, आता मलापण पोलीस धरतील का" या भीतीने मैत्रिणी गप्प बसतात. त्यांना कुणी धरत नाही.

आणि अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. एनसीआरबीच्या (देशातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था) अहवालांत वर्षानुवर्षं पॉक्सोच्या बलात्काराच्या प्रकरणांपैकी ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या माहितीतला निघतो. घरचा, शेजारचा, शिकवणारा.

मुलांना मी सांगते, मैत्रिणीने सांगायला सुरुवात केली की "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊन बसू नका. "मी तुझ्यासोबत आहे, कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू" एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका. मेसेज, फोटो असतील तर घाबरून डिलीट करू नका आणि कुणाला पाठवूही नका. झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं, पण महिना उलटला तरी तसंच असेल तर डॉक्टर लागतो, आणि मरणाचं बोलणं आलं तर महिन्याची वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी मोठ्या माणसाला गाठायचं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, १४४१६ टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, दोन्ही फुकट आहेत आणि रात्री-बेरात्रीही लागतात.

अनामिक

माझंही पांझराकाठचीसारखंच, फक्त माझी मैत्रीण परत आली नाही. मी तिच्या आईला सांगितलं, आईने तिलाच मारलं, नंतर ते लोक गाव सोडून सुरतेला गेले. नंबर बदलले. सांगितलं की सगळं नीट होतं असं नाही हेही कुणीतरी लिहायला हवं. कुणाला सांगायचं ते नीट बघा. आई म्हणजे दर वेळी योग्य माणूस असं नसतं.

अकरावी सायन्स

मी वाचनालयातल्या त्या मुलींपैकीच एक आहे, ताईंनी लिंक पाठवली म्हणून आले. आम्हाला ही पुस्तकं का आवडतात तर त्यात मोठ्या माणसांना काही माहीत नसतं आणि ते खरं असतं. आणि मैत्रिणी एकमेकींवर संशय घ्यायला लागतात तेपण खरं वाटतं, कारण गुपित असलं की असंच होतं, कोण फुटेल याचीच भीती. पण एक गोष्ट मला खटकते, शेवटी गुन्हेगार पकडला जातो आणि पुस्तक संपतं. त्या मुलीला नंतर झोप लागते का, ती परत क्लासला जाते का, ज्या मैत्रिणीने फोडलं तिच्याशी बोलते का, हे कुणी लिहीतच नाही. मला तेच वाचायचं असतं. मी आणि माझी मैत्रीण मिळून एक गोष्ट लिहितोय, आमची भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये घडते, आणि आम्ही ठरवलंय की पकडला जाण्याचा सीन मध्यावरच आणायचा, त्याच्यापुढे अर्धी गोष्ट शिल्लक ठेवायची.

पांझराकाठची ताई, एक विचारू का, ती वर्षभर बोलत नव्हती तेव्हा तुम्ही काय करायचात? आम्ही तिथेच अडकलोय.

पांझराकाठची

विचार ना. मागे लागले नाही. ती खूप दिवस शाळेत यायची नाही, कोर्टाच्या तारखा असायच्या, तेव्हा तिच्या लहान बहिणीच्या हातून वह्या पाठवायचे, त्या दिवशीचं सगळं नीट उतरवून. कधी चिठ्ठी ठेवली नाही, माफी पण लिहिली नाही, कारण माफी मागण्यासारखं मी केलं नव्हतं. वह्या परत यायच्या, कव्हर घातलेल्या. बारावीच्या सुरुवातीला एकदा बहीण नुसतीच आली, वही न घेता, म्हणाली ताईला अकाउंट्सचं दुसरं प्रकरण समजलं नाही, ती विचारतेय तू घरी येशील का. मी गेले. त्या दिवशी आम्ही खरंच फक्त अकाउंट्सच केलं, संध्याकाळपर्यंत. बाकीचं बोलायला अजून बरेच महिने लागले. तुमच्या गोष्टीत ते महिने घाला, घाई करू नका.