४०२ चा स्पीकर आणि गच्चीवरच्या वायरी

मंगळवार

खरे (४०२), ७:४१
सर्व सभासदांस नमस्कार. गेले आठ दिवस संध्याकाळी गाणं लावलं की दर दोन-तीन मिनिटांनी बंद पडतं. सकाळी ६ ला तोच स्पीकर, तेच कनेक्शन, तासभर अखंड वाजतो. म्हणजे दोष माझ्या घरात नाही. संध्याकाळी बिल्डिंगमध्ये कोण काय चालू करतं याचा विचार व्हावा.

खरे (४०२), ७:४४
आरोप नाही. पण मागच्या रविवारी ४०१ मध्ये नवीन कनेक्शन लागलं आणि सोमवारपासून हे सुरू झालं. तारखा जुळतात.

मुळे काकू (४०१), ७:४६
खरे भाऊजी, आरोप नाही म्हणता आणि घर नंबर लिहिता. आमचं कनेक्शन चिन्मयच्या क्लाससाठी घेतलंय, गाणी ऐकायला नाही.

देशपांडे (२०१), ७:४७
इंटरनेटचा विषय निघालाच आहे तर: गच्चीवरच्या जुन्या डिश-केबलच्या वायरी कधी काढणार? पावसाळ्याआधी काढायचं ठरलं होतं.

शर्माजी (१०२), ७:४९
अरे भिया, क्या हो गया? खरे साहब का रियाज बंद?

दिघे (सेक्रेटरी), ७:५२
हा घरगुती विषय आहे. कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठी ठेवावा 🙏

खरे (४०२), ७:५३
सोसायटीच्या भिंतीतून येणारा त्रास सोसायटीचाच असतो.

सई (३०३), ७:५५
काका, एक विचारू? गाणं ब्लूटूथवर लावता की वायफायवर?

खरे (४०२), ७:५६
फोनवरून लावतो.

सई (३०३), ७:५७
दोन्ही फोनवरूनच लावतात 🙂 फोन खिशात घेऊन तुम्ही खाली गेलात तर गाणं चालू राहतं का?

खरे (४०२), ७:५९
राहतं. परवा सकाळी दूध आणायला कॉर्नरपर्यंत गेलो होतो, वर वाजतच होतं.

सई (३०३), ८:०१
मग वायफाय. यात फोन फक्त रिमोटचं काम करतो, गाणं स्पीकर स्वतः राउटरकडून ओढतो. म्हणून फोनवर रेंजच्या किती दांड्या दिसतात ते सोडा. स्पीकरच्या जागेवर किती पोचतंय ते बघायला हवं.

पंडित (३०१), ८:०२
प्लॅन वाढवा. मी २०० चा घेतला, त्रास संपला.

सई (३०३), ८:०४
प्लॅनचा प्रश्न नाही पंडित काका. आपण ॲपवर ऐकतो ते चांगल्या दर्जाचं गाणं सेकंदाला ३२० किलोबिट मागतं. खरे काकांचं १०० मेगाबिटचं कनेक्शन आहे. त्यात अशी तीनशे गाणी एकदम वाजतील.

पंडित (३०१), ८:०५
तीनशे गाणी एकदम म्हणजे आपल्या गणपतीतला शेवटचा दिवस 😂

खरे (४०२), ८:०६
गणपतीचा विषय काढू नका. साउंडवाल्याला ॲडव्हान्स कोणी दिला होता ते सगळ्यांना माहीत आहे.

पंडित (३०१), ८:०६
पावती आहे माझ्याकडे.

दिघे (सेक्रेटरी), ८:०७
पावती मीटिंगमध्ये दाखवून झाली आहे. विषय बंद 🙏

शर्माजी (१०२), ८:०८
वैसे अटकता कौन सा गाना है?

खरे (४०२), ८:०९
अमीर खाँसाहेब. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतलं.

पंडित (३०१), ८:१०
मग ते थांबलंय की चालू आहे हे तुम्हाला कळतं कसं?

खरे (४०२), ८:१२
झुमरा तालाच्या १४ मात्रा असतात. अकराव्या मात्रेवर ठेकाच नाहीसा झाला तर कळतं. नुसतं आडनाव पंडित असून चालत नाही.

मुळे काकू (४०१), ८:१४
आमच्या सासूबाई देवासला कुमार गंधर्वांना ऐकायला बसने जायच्या. गाणं मध्येच कधी बंद पडलं नाही. बस पडायची.

देशपांडे (२०१), ८:१५
गच्चीवरच्या वायरींबद्दल कोणी बोललं नाही. दुसऱ्यांदा लिहितोय.

सई (३०३), ८:१८
संध्याकाळीच होतंय म्हणून विचारते. मायक्रोवेव्ह चालू असताना थांबतं का? तो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि काकांचा स्पीकर जुना आहे, २.४ वाला. ५ चा पट्टा त्याला दिसतच नाही.

खरे (४०२), ८:१९
आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही. ४०१ मध्ये आहे. भिंत कॉमन आहे.

मुळे काकू (४०१), ८:२०
दोन मिनिटं दूध तापवते हो मी! आता तेही विचारून तापवायचं का?

सई (३०३), ८:२१
नाही काकू, तुमच्या मायक्रोवेव्हमुळे असतं तर दोन मिनिटं अडलं असतं. रोज संध्याकाळभर नाही. थांबा, मी जिन्यात जाऊन फोनवर बघते.

सई (३०३), ८:३३
चौथ्या मजल्यावरून १४ नेटवर्क दिसतात. त्यातली ९ नेटवर्क एकाच चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या एकाच लेनमध्ये: ६ नंबरच्या. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६, ११. ६ वर गर्दी, १ वर चार, ११ वर एकच. ४०१ आणि ४०२ दोघंही ६ वर. संध्याकाळी सगळे घरी आणि सगळ्यांचे टीव्ही चालू, तेव्हा ते जास्त जाणवतं.

खरे (४०२), ८:३४
मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो.

मुळे काकू (४०१), ८:३४
म्हणजे तुम्हीही आमच्या अंगावर आहात.

पंडित (३०१), ८:३५
सई, ‘फोकट में नहीं मिलेगा’ नावाचं नेटवर्क कोणाचं आहे?

दिघे (सेक्रेटरी), ८:३५
कृपया विषयाला धरून बोलावे.

सई (३०३), ८:३८
पण एक विचित्र आहे. मी ४०२ च्या दारात उभी होते आणि तिथे सगळ्यात क्षीण नेटवर्क ४०२ चंच. माझं खालच्या मजल्यावरचंही त्याहून बरं दिसतंय. काका, राउटर कुठे ठेवलाय?

खरे (४०२), ८:४०
हॉलमध्ये.

सई (३०३), ८:४०
हॉलमध्ये कुठे?

खरे (४०२), ८:४६
सुरक्षित जागी.

खरे काकू (४०२), ८:४९
लोखंडी कपाटात. नातू ट्यूशनहून आला की हे ७ ला दार लावतात आणि किल्ली जानव्याला बांधतात. पोराने गेम खेळू नये म्हणून. सकाळी साडेपाचला उघडतात, ते दुपारभर सताड उघडं. वायर आत घ्यायला मागच्या सोमवारी माणूस बोलावून कपाटाला भोक पाडून घेतलं. १५० रुपये दिले.

खरे काकू (४०२), ८:५०
आणि पोरगं गेम खेळतंच. मोबाईल डेटावर.

मुळे काकू (४०१), ८:५१
तो सोमवारचा ड्रिलचा आवाज तुमच्याकडचा होता तर. तारखा जुळतात भाऊजी.

शर्माजी (१०२), ८:५१
😂😂😂

खरे (४०२), ८:५५
कपाटाचा पत्रा पातळ आहे.

सई (३०३), ८:५८
पातळ असला तरी पत्राच काका. लाटा त्यावर आपटून माघारी फिरतात. दाराच्या फटीतून आणि त्या १५० रुपयांच्या भोकातून निसटतं तेवढ्यावर स्पीकर तग धरून आहे. त्यात चॅनेल ६ ची गर्दी. नेटवर्क जोरात असतं तर गर्दीतही निभावलं असतं.

सई (३०३), ८:५९
गेमसाठी कपाट नको. राउटरमध्ये नातवाच्या फोनची वेळ बांधता येते, ७ ते १०. स्पीकर चालूच राहील. डेटाचं मात्र काकूच बघोत. मी येऊन लावून देते, चॅनेलही ११ करते.

देशपांडे (२०१), ९:०२
तिसऱ्यांदा लिहितोय. गच्चीवरच्या वायरी.

दिघे (सेक्रेटरी), ९:०६
देशपांडे साहेब, माणूस येऊन बघून गेला. सातातल्या दोन अजून चालू आहेत, कोणत्या ते कळत नाही. म्हणून थांबलंय.

देशपांडे (२०१), ९:०७
एकेक काढा. ज्याची ओरड येईल त्याची.

पंडित (३०१), ९:०८
४०२ पासून सुरुवात करा.

गुरुवार

खरे (४०२), ८:१२
सईने काल येऊन सगळं करून दिलं, तिचे आभार. राउटर आता कपाटावर आहे. आज ७:०५ ते ८:०५ एकदाही बंद पडलं नाही. ७:३० च्या सुमारास जरा अडखळलं, बहुधा मुळे वहिनींनी दूध तापवलं तेव्हा. तक्रार नाही. नोंद म्हणून.

मुळे काकू (४०१), ८:१५
दूध नव्हतं, भाजी होती. नोंद म्हणून.

खरे काकू (४०२), ८:१७
सई, शनिवारी सकाळी ये. पोहे करते. वर घालायचा जीरावन मसाला मात्र संपलाय, येताना आण.

देशपांडे (२०१), ८:२०
आज सकाळी माणसाला घेऊन स्वतः गच्चीवर गेलो. चार वायरी काढल्या. अजून कोणी ओरडलेलं नाही.

शर्माजी (१०२), ८:२६
भिया, मेरा टीवी सुबह से बंद है। किसी और का भी है क्या?