बाबांसाठी ब्युरोची मावशी ठेवलीय, पण ती काय करते ते तपासायचं कसं?

पोखरणकर
नमस्कार मंडळी, ठाण्यात वसंत विहारला राहतो. बाबा ७८, दोन महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला, उजवी बाजू गेलीय, बोलणं अर्धवट कळतं. डिस्चार्जच्या गडबडीत वॉर्डातल्याच कोणीतरी घरी पेशंट सांभाळायला बाई पुरवणाऱ्या एका ब्युरोचा नंबर दिला, आम्ही फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात. आधारची झेरॉक्स दिली, पोलिस व्हेरिफिकेशन झालंय साहेब असं तोंडी सांगितलं, डिपॉझिट घेतलं, विषय संपला. पंधरा दिवसांत तिसरी मावशी चालू आहे. पहिली दोन दिवसांनी आलीच नाही, दुसरीला गावाला जायचं होतं. तिसरी २४ तासांची, स्वभावाने खरंच चांगली, बाबांना हसवते, आईला पण सोबत होते. पण परवा तिची वही उघडली तर रात्री १० चं बीपी १२०/८०, २ चं १२०/८०, सकाळी ६ चं १२०/८०, आणि मशीनचे सेल तर मी रविवारीच काढून टीव्हीच्या रिमोटला टाकले होते!! त्याच दिवशी उजव्या टाचेवर नाण्याएवढा लाल डाग दिसला. बायको म्हणते हिला उद्याच्या उद्या काढा, आई म्हणते चौथी कशी निघेल कोणी सांगावं. मला विचारायचंय की ह्या ब्युरोंना काही नियम, लायसन्स वगैरे असतं का, आणि आपण घरच्यांनी नक्की काय बघायचं?

नेरूळची लेक
दादा, माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा वर्षभर हे सगळं केलंय, त्यामुळे अगदी तुमच्याच घरातलं बोलणं ऐकतेय असं वाटलं. मावशीला काढायच्या आधी एक सांगा, ती झोपते कधी? २४ तासांची ड्युटी म्हणजे माणूस २४ तास जागा असतो असं आपण धरून चालतो. आमच्याकडची दिवसभर आईचं करून वर भांडी पण घासायची (चूक आमचीच, सासूबाई सांगायच्या आणि ती नाही म्हणायची नाही), मग रात्री २ ला कूस कोण बदलणार? मी ब्युरोशी भांडून १२-१२ तासांच्या दोघी घेतल्या, खर्च वाढला, पण आईच्या पाठीवरची लाली आठवड्यात गेली. ब्युरोवाल्याला हे पण विचारा की आपण देतो त्यातले तिच्या हातात किती पडतात. आमचा आधी सांगायला तयार नव्हता, नंतर कळलं जवळजवळ तिसरा हिस्सा तोच ठेवत होता, मग कोण टिकणार. आणि व्हेरिफिकेशनचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्यावरचं नाव आणि समोर उभी असलेली बाई एकच आहे ना ते पण. आमच्याकडे रिप्लेसमेंट म्हणून आलेल्या एकीने आदल्या मावशीचाच कागद दाखवला होता.

नाईट_ड्युटी
मी जीएनएम म्हणजे शिकलेली नर्स आहे, आधी हॉस्पिटलला होते, आता बरीच वर्षं होम केस करते, ऐरोली ते घोडबंदर सगळीकडे. बीपी नंतर, आधी टाच बघा. लाल जागेवर बोट दाबून सोडा, पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे, फॅमिली डॉक्टरना आजच दाखवा. त्यावर मालिश करू नका, पावडर चोळू नका. बऱ्याच घरात ग्लोव्हजमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवतात नाहीतर हवेची रिंग देतात, त्याने कडेला दाब येतो आणि उलटंच होतं. पोटरीखाली उशी घ्या, लांबीला, म्हणजे टाच अधांतरी राहील. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, एअर बेड असला तरीही. एअर बेडच्या पंपावर वजनाचं बटण असतं ते कोणी बघत नाही, भाड्याने आणताना आधीच्या पेशंटचं सेटिंग तसंच असतं.

दुसरं, स्ट्रोक पेशंटला पाणी कसं पाजतात ते एकदा गुपचूप उभं राहून बघा. आडवं ठेवून, मान मागे करून पाजलं तर पाणी फुफ्फुसात जातं. बसवून, हनुवटी किंचित खाली, चमच्याने, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर पिशवी कंबरेच्या खाली लटकली पाहिजे, बेडवर पेशंटच्या शेजारी नाही आणि फरशीवर पण नाही. पाय हलवताना मावशी ती उचलून पोटावर ठेवतात, हे मी दहातल्या आठ घरात बघते.

आणि सगळ्यांना सिस्टर म्हणणं बंद करा. जीएनएम तीन वर्षांचा कोर्स आहे, एएनएम दोन वर्षांचा, दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते, नंबर मागा. जीडीए म्हणजे काही महिन्यांचा कोर्स केलेली अटेंडंट, आणि ब्युरोच्या निम्म्या मावश्यांनी तोही केलेला नसतो, कामावरच शिकलेल्या असतात. त्या वाईट असतात असं नाही, अंघोळ, भरवणं, कूस बदलणं काहीजणी माझ्यापेक्षा हळुवार करतात. पण राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणं, कॅथेटर बदलणं, इंजेक्शन हे त्यांचं काम नाही आणि ब्युरोवाला "सगळं करते ती" म्हणाला तर तिथेच फोन ठेवा.

चरईचे काका
कायद्याचं थोडं मी सांगतो, निवृत्त माणूस, वेळ आहे. ब्युरोवाला लायसन्स म्हणून जे भिंतीवर लावतो तो बहुतेक गुमास्ता असतो, म्हणजे दुकान आहे एवढाच पुरावा, मावशीला काय येतं याचा त्यात काही संबंध नाही. आपल्याकडचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा पेशंट दाखल करून घेणाऱ्या जागांसाठी आहे. एनएबीएच म्हणजे हॉस्पिटल वगैरेंचा दर्जा तपासणारं मंडळ, त्याचं मानांकन ऐच्छिक असतं. म्हणजे तुमच्या बाबांच्या बेडजवळ कोणी इन्स्पेक्टर येणार नाहीये. म्हणून जे काय ठरेल ते कागदावर घ्या, व्हॉट्सॲपवर तरी. सुपरवायझर किती दिवसांनी येणार, बदली किती तासांत देणार, डिपॉझिट परत कधी. पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, त्यामुळे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो, आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार टाका, नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पण नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, माझ्या मित्राने वापरलीय. पावती मात्र लागते, आणि रोख देऊन पावती न घेणारे आपणच.

सानपाडा_९
एवढं कशाला, कॅमेरा लावा, दोन दिवसात सगळं कळतं

नाईट_ड्युटी
लावा, पण सांगून लावा, आणि ती जिथे कपडे बदलते, झोपते तिथे नको. आणि स्पंजिंगच्या वेळी तुमच्या वडिलांचं सगळं मोबाईलवर दिसतं याचा पण विचार करा. एका घरी मला तिसऱ्या दिवशी कळलं की कॅमेरा आहे, मी त्याच संध्याकाळी केस सोडली.

पोखरणकर
सगळ्यांचे आभार. डॉक्टर येऊन गेले, टाच दाबल्यावर पांढरी झाली, वेळेत बघितलं म्हणाले. ताई, एअर बेडचा पंप बघितला, १२० वर होता आणि बाबा ५८ किलो! म्हणजे इतके दिवस ते फुगवलेल्या फळीवर झोपले होते म्हणायचं. पोटरीखाली आईची जुनी लोडाची उशी घातलीय. मावशीशी पण बोललो, आधी गप्प बसली, मग म्हणाली की बीपीचं मशीन लावायला तिला कोणी शिकवलंच नाहीये, आधीच्या घरी पण असंच लिहायची, रकाना मोकळा दिसला की लोक ओरडतात म्हणून. वाईट वाटलं खरं सांगतो. बायकोने बसवून शिकवलं, तिसऱ्या वेळेला जमलं, १५४/९० आलं, तेवढं डॉक्टरांना कळवलंय. रात्रीसाठी वेगळी बाई मागितली तर ब्युरोवाला म्हणतो परत डिपॉझिट भरा. काका, हे बरोबर आहे का? एकाच पेशंटसाठी दोनदा?

चरईचे काका
आधी पहिल्याची पावती मागा, मग बोलू.